सिरॅमिक्सचे चार वर्ग संपल्यावर

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात कला शिकायला जाणाऱ्या आपल्या बायका आता पुष्कळ दिसतात. त्यांतल्या एका ताईंचं हे प्रकरण. मूळच्या सातारच्या, शिवाजी विद्यापीठाच्या बी.कॉम., वय चाळिशीच्या पुढे, एक मुलगा शाळेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे सांता क्लारा खोऱ्यात आल्या, एच-४, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावर. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नाव, कॉलेज आणि ओळख पटेल असे बारकावे मुद्दाम गाळले आहेत. नव्याने आलेल्यांना कॉलेजप्रवेशाची माहिती द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. सिरॅमिक्सच्या, म्हणजे मातीकामाच्या, वर्गांना चार वेळांपलीकडे नाव घालता येत नाही, ही ताईंना आलेली अडचण मला पुन्हा पुन्हा भेटते, म्हणून ती एकदा सविस्तर मांडते.

ताईंनी शाळेत असताना एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं मनापासून केलेलं. पुढे मुंबईला जे.जे.त जायची इच्छा होती, पण घरातून कॉमर्सचं ठरलं आणि तो विषय तिथेच संपला. इकडे आल्यावर मुलाच्या शाळेतल्या एका आईने सांगितलं, की इथल्या कॉलेजात वय विचारत नाहीत, आधीचे मार्क विचारत नाहीत, चित्रांची फाइलही मागत नाहीत. ताईंचा विश्वास बसेना. पण ते खरं आहे. १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची तीन पायऱ्यांची रचना केली. वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, मध्ये स्टेट युनिव्हर्सिटी, आणि खाली कम्युनिटी कॉलेजं, जिथे शिकून फायदा होईल अशा कुणालाही प्रवेश नाकारायचा नाही. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. १९८४पर्यंत तिथे फीसुद्धा नव्हती. आता युनिटमागे, म्हणजे वर्ग मोजायच्या एककामागे, ४६ डॉलर आहेत, आणि २०१२पासून हा आकडा तसाच आहे.

तीन युनिटांचा सिरॅमिक्सचा वर्ग म्हणजे १३८ डॉलर, अधिक थोडी आरोग्य फी, पार्किंग आणि मातीचा खर्च. तेवढ्यात चार महिने शिक्षक, चाक, ग्लेझ आणि भट्टी. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, खासगी स्टुडिओत चाकावर बसायचे महिन्याला दोनशे डॉलरच्या पुढेच जातात. हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढचं प्रकरण कळणार नाही.

मात्र ४६ डॉलर हा दर रहिवाशांसाठी. ताई पहिल्यांदा नाव घालायला गेल्या तेव्हा त्यांना राज्यात येऊन आठ महिने झाले होते. कॉलेजने त्यांना अनिवासी धरलं, म्हणजे युनिटमागे आणखी तीनशे डॉलरच्या वर. त्या घाबरून परत आल्या आणि समजल्या, की व्हिसावर असलेल्यांना हा दर कायमचाच. असं पुष्कळांना वाटतं, पण ते चूक आहे. एफ-१ (विद्यार्थी) किंवा बी (पाहुणे) व्हिसावर रहिवासी होता येत नाही. एच-४वर होता येतं. सत्र सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं आणि इथेच राहायचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो: घराचा करारनामा, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं टॅक्स रिटर्न. करारनाम्यावर फक्त नवऱ्याचं नाव असेल तर खेटे पडतात, म्हणून आल्या आल्या दोघांची नावं घालून घ्या असं मी सगळ्यांना सांगते. ताई एक सत्र थांबल्या आणि २०२२च्या फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सत्रात आत गेल्या.

माती

पहिले सहा आठवडे चाकावर काहीही उभं राहिलं नाही. माती मळायची, गोळा चाकावर आपटून बसवायचा, हात ओले करून तो मध्यावर आणायचा. गोळा मध्यावर नसेल तर वर काही उचलायचं म्हटलं की भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि शेवटी सगळं कोलमडतं. ताईंची कोपरं हवेत असायची. शिक्षिकेने त्यांना कोपर मांडीवर रोवायला लावलं, तेव्हा कुठे गोळा स्थिर झाला. मग वाट्या जमायला लागल्या तर वाळताना त्यांच्या बुडाला इंग्रजी ‘एस’च्या आकाराची चीर पडायची. बूड नीट दाबून घेतलेलं नसलं की ती पडते. भट्टीतून आल्यावर ती आणखी उघडते आणि मग त्या भांड्यात पाणी राहत नाही. ही चीर का पडते हे पुस्तकात एका ओळीत सांगितलेलं असतं. ती न पडेल असं बूड दाबायला हाताला कित्येक वाट्या जाव्या लागतात.

हे लांबवून सांगते आहे, कारण मातीकामात तेच तेच पुन्हा करणं म्हणजेच शिकणं असतं. आणि नेमकं तेच कॅलिफोर्नियाच्या नियमात बसत नाही.

२०१२पर्यंत कलेचे आणि शारीरिक शिक्षणाचे पुष्कळसे वर्ग पुन्हा घेता यायचे, एकच वर्ग एकूण चार वेळा. सिरॅमिक्सच्या वर्गांत वर्षानुवर्षं येणारी निवृत्त मंडळी असायची. २००८च्या मंदीनंतर राज्याने कॉलेजांचे पैसे कापले, वर्ग कमी झाले, आणि पदवीसाठी आलेल्या तरुण मुलांना जागा मिळेनाशा झाल्या. तेव्हा ठरलं, की सरकारी पैशाने छंद पोसायचा नाही. २०१२ साली नियम बदलले आणि पुढच्या वर्षाच्या फॉलपासून लागू झाले. आता असा वर्ग पास झाला की सहसा तो परत घेता येत नाही. एकाच प्रकारच्या वर्गांचं एक कुटुंब धरतात आणि त्या कुटुंबात एका डिस्ट्रिक्टमध्ये (एका प्रशासनाखालच्या कॉलेजांत) एकूण चारच वेळा नाव घालता येतं. म्हणून कॉलेजांनी प्राथमिक, मध्यम, प्रगत अशी पायरीवार नावं केली.

पैसे कमी असताना आधी कुणाला जागा द्यायची हा प्रश्न खरा होता, हे मला मान्य आहे. कामावरून सुटून संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला येणारी मुलगी आणि सहाव्यांदा चाकावर बसणारे आजोबा, यांत निवड करायचीच असेल तर मीही मुलीला जागा देईन. पण सिरॅमिक्स चार वेळांत येतं असं ज्यांनी ठरवलं त्यांनी चाक जवळून पाहिलं नसावं. चार सत्रं ही मातीकामाची नुसती ओळख आहे.

डब्ल्यू

ताईंना हा नियम कुणी सांगितला नाही. कॅटलॉगमध्ये तो छापलेला होता, पण तो शोधायचा हेच नवख्याला माहीत नसतं. २०२३च्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारी ते मेच्या सत्रात, त्या दुसऱ्या वर्गाला होत्या आणि साताऱ्याला वडील आजारी पडले. एप्रिलमध्ये त्या तडक निघाल्या. तिथून ऑनलाइन वर्ग सोडला. सुरुवातीच्या ठरलेल्या तारखेआधी वर्ग सोडला असता तर नोंदच राहिली नसती. ती तारीख कधीच उलटली होती, त्यामुळे गुणपत्रकात डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉ’ (वर्ग सोडला) असा शेरा, लागला. त्यांना वाटलं, नापास तर नाही झाले, मग झालं.

पण चाराच्या मोजणीत डब्ल्यूही धरला जातो. म्हणजे हातातली एक संधी अर्ध्या सत्रातच गेली. घरचं आजारपण, अपघात अशा कारणांसाठी कॉलेजकडे अर्ज करता येतो, पण कलेच्या कुटुंबाच्या मर्यादेला त्या अर्जाने फारसा फरक पडत नाही. ताईंनी फॉलमध्ये दुसरा वर्ग पुन्हा केला, २०२४च्या स्प्रिंगमध्ये तिसरा. चौथ्या वर्गासाठी, म्हणजे पाचव्यांदा, नाव घालायला गेल्या तर संगणकाने अडवलं.

याच सुमारास त्या माझ्याकडे आल्या. हातात गुणपत्रक होतं. त्यावर सिरॅमिक्सशिवाय एकही वर्ग नव्हता.

काय काय करता आलं असतं

पहिला मार्ग म्हणजे शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये जाणं. मर्यादा डिस्ट्रिक्टपुरती असते, आणि बे एरियात अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर दोन-तीन डिस्ट्रिक्ट सहज सापडतात. तिथे पुन्हा चार वेळा नाव घालता येतं. यात गैर काही नाही, पुष्कळ जण करतात. दुसरा मार्ग कम्युनिटी एज्युकेशनचा: त्याच इमारतीत, पण सरकारी अनुदान नसलेले वर्ग, फी जास्त, युनिट मिळत नाहीत, वाटेल तितक्या वेळा यावं. तिसरा मार्ग खासगी स्टुडिओ. चौथा होता स्टुडिओ आर्ट्सची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी; पुढे विद्यापीठात ट्रान्सफर होण्यासाठीची, म्हणजे एए-टी.

ताईंचा कल पहिल्याकडे होता. कार होती, वेळ होता. मी विचारलं, तिथे जाऊन काय करणार? म्हणाल्या, “अजून चांगल्या वाट्या.” मग त्यांनी फोनवर त्यांच्या वाट्यांचे फोटो दाखवले. वाट्या सुबक होत्या, पातळ, गोल. आणि सगळ्या एकसारख्या: बुडापासून सरळ तिरकी वर गेलेली भिंत, काठावर जराशी बाहेर. तीन वर्गांत आकार एकच. मला मातीकामातलं फारसं कळत नाही, पण एवढं दिसलं, की हात तयार झालाय आणि डोळा अजून शाळेतल्या वस्तुचित्रापाशीच आहे.

मी त्यांच्यापुढे एए-टीचा कागद ठेवला. २०१०च्या कायद्याने आलेली ही पदवी ६० युनिटांची असते, त्यांतली २४ विषयाची. त्या २४ची मांडणी बघण्यासारखी आहे. चार वर्ग सक्तीचे: रेखाटन, द्विमितीय रचना, त्रिमितीय रचना आणि रेनेसाँसपासून आजपर्यंतचा कलेचा इतिहास. त्यावर कलेच्या इतिहासाचा आणखी एक. उरलेल्या नऊ युनिटांत चित्र, शिल्प, मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग), सिरॅमिक्स, छायाचित्रण यांतले तीन वर्ग. म्हणजे जिथे ताईंनी सगळा वेळ घालवला ती या नऊ युनिटांतली एक लहानशी खोली होती, आणि सक्तीच्या चारांपैकी एकही त्यांनी केला नव्हता.

पदवी घ्यायची की नाही हे नंतर ठरवू, असं मी म्हटलं. पण रेखाटनाचा वर्ग आधी घ्या. ताईंचा चेहरा पडला. “ड्रॉइंग मला येतं,” म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं, दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती.

तांब्या

२०२४च्या फॉलमध्ये रेखाटनाच्या वर्गात शिक्षकांनी घरातली एक वस्तू आणायला सांगितली. ताईंनी पितळी तांब्या नेला. पहिलं काम कागदाकडे न बघता कडा काढायचं. डोळा वस्तूच्या काठावरून हळूहळू फिरवायचा आणि हात त्याच गतीने कागदावर. येणारं चित्र ओबडधोबडच असतं. ताईंना ते सहन होईना. शाळेत चित्र म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, मधली रेषा आखून, खोडरबराने साफ.

पुढच्या आठवड्यात तांब्याचं तोंड काढायचं होतं. ताईंनी दोन कमानी जोडून लंबगोल काढला, दोन्ही टोकांना कोपरे आलेले. शिक्षक शेजारी येऊन बसले आणि विचारलं, तांब्याचं तोंड गोल आहे ना, मग हे कोपरे कुठून आले? वर्तुळ तिरकं पाहिलं तरी त्याला टोक येत नाही, काठ टोकाशीही वळतच राहतो. आणि तोंड डोळ्यांच्या पातळीच्या जितकं खाली तितका लंबगोल उघडा दिसतो, म्हणून त्याच तांब्याचं बूड तोंडापेक्षा जास्त गोल काढावं लागतं. हे ताईंना कधी कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं रोज हाताळलेला तांब्या त्यांनी पाहिलाच नव्हता, असं त्या मला फोनवर म्हणाल्या.

त्याच चित्रात त्यांना पोट आणि मान यांच्यामधली ती जागा दिसली, जिथे भिंत आत वळते आणि पुन्हा बाहेर येते. चाकावर ती त्यांनी कधी केली नव्हती. भिंत आत घ्यायला गेलं की माती सुरकुतते, म्हणून भीतीपोटी त्या सरळ वरच जात होत्या. आता घरी वहीत त्या भांड्याचा उभा छेद काढू लागल्या, भिंतीच्या जाडीसकट. तांब्या, घागर, लोटी, गडू. पानंच्या पानं. कॉलेजच्या चाकावर बसायचा हक्क संपलेला होता, पण कम्युनिटी एज्युकेशनचा एक शनिवारचा वर्ग त्यांनी धरला आणि वहीतले छेद तिथे करून बघायला लागल्या. सुरुवातीचे सगळे माने‌शी कोसळले. मग एक उभा राहिला.

माझ्या मते या प्रकरणातलं खरं वळण हेच. नियमाने दार लावलं नसतं तर ताई आणखी दोन वर्षं त्याच वाट्या करत राहिल्या असत्या. म्हणून नियम चांगला, असं मी म्हणणार नाही. तो पैसे वाचवायला आला, शिकवायला नाही. पण स्टुडिओ आर्ट्सच्या त्या २४ युनिटांमागे विचार आहे आणि तो कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवा. हात आणि डोळा बरोबरीने वाढावे लागतात. शिल्पकार रॉबर्ट आर्नेसन, ज्यांनी पुढे यूसी डेव्हिसमध्ये शिकवताना मातीकामाला भांड्यांपलीकडे नेलं, ते सुरुवातीला कॉलेज ऑफ मरिन या कम्युनिटी कॉलेजात शिकले, आणि त्या काळात ते व्यंगचित्रं काढत होते. त्यांच्या नंतरच्या मातीच्या अर्धपुतळ्यांत तो व्यंगचित्रकार स्पष्ट दिसतो.

त्रिमितीय रचनेच्या वर्गात २०२५च्या स्प्रिंगला शेवटचं काम मालिकेचं होतं. ताईंनी सुगडं केली. संक्रांतीला पुजतो ती पाच, पण एकात ऊस-बोरं, एकात हरभरा असं न भरता प्रत्येकाचं तोंड वेगळ्या तऱ्हेने बंद केलेलं. क्रिटिकच्या दिवशी सगळा वर्ग त्यांभोवती उभा राहिला आणि वीस मिनिटं बोलला. आपल्याकडे शिक्षक शेरा देतात आणि आपण वही घेऊन जागेवर जातो. इथे आपल्या कामाबद्दल इतर जण बोलत असताना गप्प उभं राहायचं, मग आपण बोलायचं. एका मुलाने विचारलं, ही भांडी उपाशी आहेत की कुणाला काही द्यायचं नाही म्हणून मिटलीत? ताईंकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नावर त्यांनी पुढची सहा केली.

नाताळाच्या आधी कॉलेजात सिरॅमिक्सच्या मुलांची विक्री असते. ताईंची भांडी तिथे ठेवायला सगळे मागे लागले. २०१५पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना, ईएडी, मिळतो. पण त्यासाठी सहसा नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर व्हावा लागतो, आणि ताईंच्या घरी तो व्हायचा होता. वकिलांनी सांगितलं, परवाना येईपर्यंत एक कपही विकू नका. छंद म्हणून विकलं तरी कमाई ती कमाईच. जानेवारीत हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून आपल्या वाट्या दिल्या, आणि बे एरियात तीस-पस्तीस घरांत त्यांचं काम पोचलं.

पदवीचा प्रश्न

एए-टी मिळाली की स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जागेची हमी असते, असं सांगितलं जातं. ताईंच्या बाबतीत ते इतकं सरळ नाही, आणि भारतात पदवी घेऊन आलेल्या प्रत्येकीने हे आधी समजून घ्यावं. ती हमी पहिल्यांदा बॅचलर करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे आधीच बॅचलर आहे त्यांना स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या बॅचलरसाठी फार थोड्या विभागांत प्रवेश मिळतो, आणि कला सहसा त्यांत नसते. पण आपली तीन वर्षांची बी.कॉम. इथल्या चार वर्षांच्या बॅचलरइतकी धरायची की नाही, यावर मूल्यमापन करणाऱ्या संस्थांचं एकमत नाही. एक संस्था पूर्ण पदवी म्हणते, दुसरी तीन वर्षांचं शिक्षण म्हणते. पूर्ण धरली तर बीएफएची (कलेच्या बॅचलरची) वाट अरुंद होते पण एमएफएची (कलेच्या मास्टर्सची) उघडते, कारण एमएफएला पुष्कळ ठिकाणी कुठल्याही विषयाची बॅचलर आणि कामाचा पोर्टफोलिओ लागतो. न धरली तर उलट.

म्हणून अहवाल मागवण्याआधी आपल्याला कुठे जायचंय ते ठरवावं लागतं, आणि त्या विद्यापीठाला कुठल्या संस्थेचा अहवाल चालतो हे लेखी विचारून घ्यावं लागतं. दुसरीकडे बी.कॉम.चे विषय कम्युनिटी कॉलेजात सामान्य शिक्षणाच्या युनिटांसाठी धरले जाऊ शकतात, इंग्रजी लेखनाचा वर्ग मात्र बहुतेक ठिकाणी इथेच करावा लागतो. ताईंनी तो केला. सगळ्यात जास्त घाम त्यांना त्याने फोडला.

माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं: पदवी हाती असलेल्या माणसासाठी कम्युनिटी कॉलेजचं मोल एए-टीच्या कागदात नाही, पोर्टफोलिओत आहे. वीस सुबक वाट्यांनी पोर्टफोलिओ होत नाही. एकाच प्रश्नामागे लागून केलेली दहा-बारा कामं, त्यांची चांगल्या उजेडात काढलेली छायाचित्रं आणि त्यांबद्दल पानभर स्वतःच्या शब्दांत, एवढं लागतं. ते करायला शिक्षकांची नजर, भट्टी आणि क्रिटिकचा वर्ग लागतो, आणि ही तिन्ही युनिटमागे ४६ डॉलरला मिळतात.

ताईंनी आता मुद्राचित्रणाच्या वर्गात नाव घातलंय. कलेच्या इतिहासाचा दुसरा वर्ग राहिलाय, त्यासाठी त्यांनी आशियाई कला निवडली आहे. बी.कॉम.चं मूल्यमापन अजून मागवलेलं नाही. आधी अकरा सुगडांचे नीट फोटो काढायचे आहेत, त्यासाठी मुलाने त्यांना राखाडी कागदाचा पडदा आणि दोन दिवे लावून दिलेत. रेखाटनाच्या शिक्षकांनी शिफारसपत्र द्यायचं कबूल केलं आहे. अर्ज एमएफएचा की बीएफएचा, हे फोटो बघून ठरवायचं असं आमचं ठरलंय.